पस्तीस निगेटिव्ह

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, आणि किती वाजता येईल हे पाणी सोडणाऱ्याच्या मर्जीवर असतं. म्हणून उठल्या उठल्या घरातली सगळी भांडी मागच्या अंगणात रांगेनं मांडलेली. घागरी, बादल्या, दुधाची किटली, भाताचं पातेलं, एक जुना कुकरसुद्धा. मी नळी या घागरीतून त्या घागरीत करत होते आणि अव्वा बाजेवर बसून हुकूम सोडत होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, गंगम्मा. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, पण नजर अजून घारीची.

"ती भरली बघ. सांडून राहिली. ध्यान कुठं हाय तुझं?"

तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

पाण्याच्या दिवशी कुणी कुणाकडं जात नाही, हे उदगीरात लहान पोरालाही ठाऊक आहे. मी नळी हौदात सोडली, पदराला हात पुसले आणि जरा चिडूनच दार उघडलं.

दारात साठीच्या पुढची एक बाई उभी होती. बुरखा धुऊन धुऊन राखाडी झालेला, चेहरा उघडा, पायात पुरुषी चामड्याच्या चपला. खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी, आणि ती पिशवी तिनं एका हातानं पोटाशी धरलेली, झोपलेल्या लेकराला धरावं तशी.

"हे शहेबाजमियांचं घर न?"

"होतं. आम्ही घेऊन सोळा वर्षं झाली."

"म्हाईत हाय. मी फरीदा. चौबाऱ्याजवळ सलीमभाईचा फोटो स्टुडिओ होता न, त्यांची बायको. तुमच्या मागच्या अंगणाचा एक फोटो काढू द्याल?"

एवढ्यात आतून अव्वांचा आवाज आला, "कोण हाय गं? बर्री, आत या म्हण की, दारात का उभी ठिवलीस?"

अव्वांना सलीमभाई आठवत होते. आमच्या ह्यांचा मुंजीएवढ्या वयातला, टोपी घातलेला फोटो त्यांच्याकडंच काढलेला. फरीदाबी अंगणात आल्या तशा अव्वांनी पदर नीट केला, चष्मा काढून मांडीत ठेवला आणि ताठ बसल्या.

"काढ. दात हायत तवर काढून घे."

"माणसांचे न्हाई काढत मी, अक्का."

"मग काय म्हशीचे काढती?"

"भिताडाचे."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. मी अव्वांकडं बघितलं. फरीदाबींना त्याचं काही वाटलं नाही, सवय असावी. त्यांनी पिशवीतून एक छोटा डिजिटल कॅमेरा काढला, त्याच्या मागच्या काचेला तडा गेलेला. मग हौदाच्या समोर, परसदाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी भांडी उचलायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. जसं हाय तसंच. फक्त तुम्ही दोघी जरा बाजूला व्हा."

अव्वांना उठवून ओसरीवर आणणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. आणलं. मग आम्ही दोघी आमच्याच अंगणातून हाकलल्यासारख्या ओसरीवर उभ्या. फरीदाबी काही फोटो काढेनात. ऊन शेजारच्या भिंतीवरून हळूहळू खाली येत होतं. नळी हौदात वाहत होती. मला घागरींची काळजी, पाणी जाईल याची काळजी, पण त्या बाईच्या उभं राहण्यात असं काही होतं की बोलवेना. वीसेक मिनिटांनी ऊन हौदाच्या काठावर टेकलं आणि कॅमेरा एकदाच बारीक वाजला.

"झालं."

"एकच?" मी म्हटलं.

"रोलची सवय, बेटा. छत्तीसात लग्न बसवायचं असायचं."

चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. कप विसळून पालथा ठेवला, आणि निघताना मान खाली घालून विचारलं, "शहेबाजमियांची धाकटी बहीण, लुबना, आता कुठं असती, काही कळंल का?"

"फोन नंबर असेल त्यांचा घराच्या कागदांत. का हो?"

"असंच," म्हणाल्या, आणि गेल्या.

"भिताडाचे," अव्वा दिवसभर मधूनमधून म्हणत राहिल्या. "मला सोडलं आन् हौद काढला."

*

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. मोबाइलच्या दुकानातून फोटोची प्रत काढून आणली होती, ती मला दिली. आमचाच हौद, आमच्याच घागरी. एक अर्धी भरलेली, तिच्यात नळीचं तोंड. बाजेवर अव्वांचा चष्मा. पायऱ्यांशी माझ्या चपला, एक सुलटी, एक उलटी. नुकतंच कुणीतरी उठून गेलंय असं वाटावं. जरा जास्त वेळ बघितलं की वाटायचं, ते परत येणार नाही. माझंच घर होतं आणि मला त्यात करमेना.

अव्वा झोपल्या होत्या. मी शेंगदाणे निवडायला घेतले. फरीदाबी समोर बसल्या, न सांगता सुपातले खडे वेचायला लागल्या आणि बोलल्या. ते सगळं मी इथं सलग लिहिते आहे; त्यांनी ते तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, मधे मधे "हा दाणा किडका" म्हणत.

त्या मूळच्या बिदरच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन उदगीरला आल्या. सलीमभाईंचा स्टुडिओ तेव्हा जोरात होता. पण मोठ्या घरांतल्या लग्नात एक अडचण असायची. बाहेर मंडपात, पुरुषांत, सलीमभाई फोटो काढत. आत बायकांत परपुरुष कसा जाणार? आणि नवरी तर आतच. मग सलीमभाईंनी बायकोला कॅमेरा धरायला शिकवलं. पहिल्या लग्नात फरीदाबींनी झाकण न काढताच बारा फोटो काढले. "तेवढी एक चूक. परत न्हाई केली," म्हणाल्या.

तिथून सव्वीस वर्षं त्यांनी लग्नांतला जनाना काढला. उदगीर, देगलूर, जळकोट, थेट हदगावपर्यंत. बाहेरचे फोटो रंगीत असत. आतले मात्र काळेपांढरे. आमच्यासारख्यांना हे कधी ठाऊकच नव्हतं. रंगीत रोल धुवायला लातूरला लॅबमध्ये पाठवावा लागे आणि तिथं धुणारा पुरुष. काळापांढरा रोल घरी धुता येई. म्हणून बायकांचा रोल फरीदाबी स्वतः, न्हाणीच्या दाराला गोधडी लावून, अंधारात धूत आणि लाल दिव्यात प्रती काढत. सलीमभाईही तो बघत नसत. प्रती झाल्या की निगेटिव्हसुद्धा नवरीच्या आईच्या हातात द्यायच्या. आई त्या उजेडाला धरून मोजून घ्यायची. छत्तीस म्हणजे छत्तीस. एकही मागं ठेवायची नाही. त्या विश्वासावर तर त्यांना आत घेत.

"सव्वीस सालं काम केलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल, दाखवा. तर माझ्यापाशी काय हाय? काहीच न्हाई. मर्दान्याच्या निगेटिव्हांनी कपाट भरलंय, ते त्यांचं. माझं सगळं लोकांच्या संदुकांत."

मग सुपावरचा हात थांबला.

"एक हाय."

एकोणीसशे पंच्याण्णव साल. ह्याच घरात लुबनाचं लग्न. मांज्याचा दिवस, म्हणजे आपल्यात हळद असते तसं. पिवळे कपडे घालून, हळद लावून नवरीला ह्या हौदाशी बसवलेलं. नवरीनं अशा वेळी मान वर करायची नसते. रोलचे पस्तीस फोटो तसेच झाले, मान खाली. शेवटचा एक उरला होता. तेवढ्यात दाव्याची शेळी सुटून आली आणि लुबनाच्या मनगटावरचा मोगऱ्याचा गजरा तिनं मुकाट्यानं खाल्ला. आणि ती पोरगी हसली. अशी हसली की डोकं मागं, तोंड उघडं, दातावर हळद, एक हात शेळीच्या गळ्यात. फरीदाबींचं बोट आपोआप दाबलं गेलं.

"घरी न्हाणीत फोटो पाण्यातून वर येताना बघितला न बेटा, तर मी मोठ्यांदा 'या अल्ला' म्हणले. सलीमभाई भाईरून विचारतात, काय झालं? मी म्हणले काही न्हाई, बोट भाजलं. इतका चांगला फोटो माझ्या हातून आधी न्हाई झाला, नंतर न्हाई झाला."

निगेटिव्हच्या सहा पट्ट्या असतात, सहा-सहांच्या. शेवटच्या पट्टीतला शेवटचा तुकडा त्यांनी कात्रीनं कापून ठेवला. लुबनाच्या आईनं मोजल्या तर पस्तीस भरल्या.

"म्हणले, आपा, शेवटचा जळला. रोलचं टोक हाय, उजेड लागतो. त्या म्हणाल्या, फरीदा, तू सांगतीस म्हणजे जळलाच असंल. आणि मला बिर्याणीचा डब्बा बांधून दिला."

मी म्हटलं, "तो फोटो त्यांनी फाडलाच असता हो. नवरी असली हसताना. तुम्ही ठेवला म्हणून राहिला."

"हौ. मी पण लई वर्षं असंच म्हणून राहिले," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासाठी न्हाई ठेवला मी. चांगला आला म्हणून ठेवला."

त्यांना उदगीर सोडायचं होतं. सलीमभाई जाऊन नऊ वर्षं झाली. स्टुडिओची इमारत रस्त्यात जात होती. लेक नबील हैदराबादला. तोही लग्नाचेच फोटो काढतो, पण उडत्या कॅमेऱ्यानं. महिन्याच्या अखेरीला तो न्यायला येणार होता. आणि फरीदाबींचा जीव त्या एका तुकड्यात अडकला होता. लुबनाला सांगावं तर फोटो हातचा जाणार. न सांगता न्यावा तर चोरीची चीज लेकाच्या घरात जाणार.

*

घराच्या कागदांत शहेबाजभाईंचा नंबर सापडला. फोन लावण्याआधी मी बोलायचं मनात घोळून घेतलं, कारण फोटोचा उल्लेख भावाजवळ करणं म्हणजे लुबनाला न विचारता तीच चूक नव्यानं करणं. तरी बोलता बोलता "एक फो..." इथपर्यंत आले होते. जीभ चावली.

"एक काय वहिनी?" ते पलीकडून.

"एक जुन्या ओळखीच्या बाई आठवण काढत होत्या लुबनाताईंची. बायकांचं काहीतरी."

"बायकांचं" म्हटल्यावर ते पुढं विचारणार नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. लुबना नांदेडलाच होती, देगलूर नाक्याकडं. मुलींच्या शाळेत शिकवते. "मियां गेले तिचे, कोरोनात. दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या. एकलीच असती. तुमचे मिस्टर नांदेडलाच हायत न? आल्या की जाऊन या, तिला बरं वाटंल."

हे सांगायला मी फरीदाबींच्या घरी गेले. खाली स्टुडिओ, शटर गंजून जमिनीला चिकटलेलं. भिंतीवर नगरपालिकेनं लाल रंगानं मारलेली खूण, आणि त्या खुणेपर्यंत इमारत जायची म्हणजे जिना, स्टुडिओ आणि वरच्या खोलीचा निम्मा भाग. वर एक खाट, एक शेगडी आणि भिंतीला लागून बिस्किटांचे पत्र्याचे डबे. प्रत्येकावर चिकटपट्टी, वर गावाचं नाव : हदगाव, माहूर, देगलूर, जळकोट.

सलीमभाई गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदा एसटीत बसायचं, कुठल्या तरी गावात उतरायचं, पडत्या-झडत्या इमारती आणि रस्त्याकडेचं काहीबाही काढायचं, शेवटच्या आधीच्या गाडीनं परत यायचं. मी डबे उघडून बघत बसले. माहूरला यात्रा नसतानाची प्रसादाची दुकानं, ताडपत्रीत बांधलेली. हदगावचा कापसाचा मोठा काटा, त्याच्या पारड्यात झोपलेलं कुत्रं. निजामाच्या काळचं एक चुंगीचं, म्हणजे जकातीचं, नाकं, कमानीवर पिंपळ. बंद टॉकीजची तिकीट खिडकी, तिच्या कठड्यावर कुणाचा तरी चहाचा पेला. न्हाव्याची खुर्ची लिंबाखाली, आरशात नुसती फांदी. शेकड्यांनी फोटो, आणि एकातही माणूस नाही. पेला आहे, पिणारा नाही. सायकल आहे, तिच्या हँडलला दप्तर आहे, पोर नाही.

"कुत्रं चालतं वाटतं," मी म्हटलं.

"कुत्रं निगेटिव्ह मागायला येत न्हाई."

मी हसले. त्याही हसल्या, पण तोंडावर हात धरून. मग मी लुबनाचं सांगितलं. त्या कितीतरी वेळ डब्याचं झाकण लावत राहिल्या. ते बसतच नव्हतं.

"बेवा झाली," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "उद्या जळकोटला चला माझ्यासंगं. एक दुकान राहिलंय."

मी ओळखलं. त्यांना नांदेडचं बोलायचं नव्हतं.

*

जळकोटला आम्ही अर्ध्या तिकिटात गेलो. सगळी एसटी बायकांनी भरलेली. बाजाराच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं, लाकडी फळ्यांच्या दाराचं, वर नावाची पाटी आणि तिच्या पोपड्यांखालून जुन्या पाटीची उर्दू अक्षरं डोकावणारी. फरीदाबी रस्त्याच्या पलीकडं विजेच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांची पिशवी धरून.

दुकानातून मालक बाहेर आले. कपाळाला भस्म, हातात तागडी. दोन मिनिटं आमच्याकडं बघून रस्ता ओलांडूनच आले.

"काय मोजून राहिले?"

"काही न्हाई, दादा. फोटो."

"तेच तर. आधी फोटू, मग नोटीस, मग जेसीबी. अतिक्रमणवाल्या का तुम्ही?"

"ह्या वयात मला कोण ठिवून घेतो नोकरीला?"

त्यांना ते पटलं. नाव गुरुपादप्पा. मग ते एकदम मवाळ झाले. दुकान आजोबांचं, पाटी वडिलांनी रंगवून घेतलेली, पोरगं पुण्याला, परत येत नाही. सगळं सांगितलं आणि जाऊन दारात उभे राहिले, एक हात फळीला, छाती पुढं.

"घ्या. काढा आता."

"दादा, तुम्ही जरा आत जाता का?"

"का? मी दिसायला वाईट हाय?"

"तसं न्हाई..."

"दुकानाचा काढता आन् दुकानदाराला आत जा म्हणता! माझ्याबिगर दुकान म्हणजे काय, बंद पडलेलं दिसंल की!"

तोवर शेजारचा पंक्चरवाला, दोन गिऱ्हाइकं, सगळे हसायला लागले होते. "आप्पाचा काढा हो बाई, भिंतीला लावायला लागतोय लवकरच," पंक्चरवाला म्हणाला. गुरुपादप्पांनी त्याच्यावर तागडी उगारली, पण दारातून हलले नाहीत. फरीदाबींनी कॅमेरा वर केला. मला वाटलं, आता काढतील. डोळ्याला लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. बोट हलत होतं. मग कॅमेरा खाली घेतला, पिशवीत घातला आणि स्टँडकडं चालायला लागल्या. मागून गुरुपादप्पा ओरडले, "अहो बाई, निदान चहा तरी!"

स्टँडवर बसायला जागा नव्हती. सिमेंटच्या खांबाशी त्या उकिडव्या बसल्या.

"काढला का नाही?" मी विचारलं. "किती हौसेनं उभे होते."

"हौ. चांगला आला असता. दातात सुपारी, डोळ्यांत पोराचं दुःख." त्यांनी बुरख्याच्या टोकानं चेहरा पुसला. "माणूस आला की मला कळतं बेटा, आता चांगला येणार. आणि चांगला आला की मला ठेवावा वाटणार. मग पुन्हा तेच. त्यापरीस भिताडं बरी."

"पण आप्पा स्वतःच म्हणत होते काढा म्हणून. आता तर कुणी परत मागत नाही."

"ते न्हाई मागत. पण एकाचं मी न पुसता ठेवलं न? त्याचा हिसाब झाल्याबिगर दुसऱ्याचं कसं घेऊ? नऊ साल झाले, मला वाटतं भिताडं काढून राहिले, भिताडं काढून राहिले. घरी येऊन डबे बघते तर कुणीच न्हाई. जेवताना कुणाकडं बघावं?"

उदगीरची गाडी आली. गर्दीत आम्हाला वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली. त्या खिडकीशी होत्या. तासभर मी त्यांच्याकडं मागून बघत होते. रस्त्याकडेला रसवंती गेली, मेंढरं गेली, पाण्याचा टँकर गेला. त्यांनी कॅमेऱ्याला हातही लावला नाही.

*

शनिवारी मी नांदेडला निघणार होते. महिन्यातून एकदा जाते, ह्यांच्यासाठी चटण्या, धपाटे, धुतलेल्या चादरी घेऊन. शुक्रवारी दुपारी फरीदाबी आल्या. अव्वा जाग्या होत्या.

"आलीस? आज काय काढती, न्हाणी का संडास?"

"आज दाखवायला आणलंय, अक्का."

त्यांनी आधी उठून पुढच्या दाराला कडी लावली. मग पिशवीतून जुनं खाकी पाकीट काढलं, त्यातून पातळ कागदात गुंडाळलेली पोस्टकार्डाएवढी प्रत. तीस वर्षांत हा फोटो त्यांच्याशिवाय कुणी बघितला नव्हता. सलीमभाईंनीही नाही.

मी तो अव्वांच्या आणि माझ्या मधे धरला. आमचा हौद तर होताच, पण मला हौद दिसलाच नाही. त्या पोरीचं हसणं फोटोच्या कडांना पुरत नव्हतं. शेळीच्या तोंडातून गजऱ्याचा दोरा लोंबत होता. मागं कुणा बाईचा हात लुबनाचं डोकं खाली दाबायला आलेला, पण पोचलेला नाही. एका क्षणानं पोचला असता. माझ्या लक्षात आलं की मीही हसते आहे, आणि अव्वा तर तोंड उघडून, आवाज न करता, पोट धरून हसत होत्या.

"आगं बया बया," अव्वा डोळे पुसत म्हणाल्या. "ही पोरगी ह्याच हौदावर बसली व्हती? आन् तू माझा का गं काढत न्हाईस?"

फरीदाबी फोटोकडं बघत नव्हत्या, आमच्याकडं बघत होत्या, आळीपाळीनं. आपण काढलेला फोटो दुसरं कुणी बघताना त्या पहिल्यांदाच बघत असाव्यात. लग्नाच्या प्रती तर बंद पाकिटात द्यायच्या आणि परतायचं.

मी फोटो कागदात नीट गुंडाळला, पाकिटात घातला. नांदेडची बॅग जवळच होती. चादरींच्या घडीत तो नीट बसला असता.

"त्यांच्याच हातात देईन," मी म्हटलं. "काळजी करू नका. निगेटिव्ह पण द्या."

त्यांनी माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं.

"तुम्ही न्यायचा न्हाई. वाटंत बस हाय, तिथं तुमचे मिस्टर हायत. कुणाच्या नजरंला पडला तर?"

"मग? मी तिथं जाऊन काय करू, चाची?"

त्यांनी पाकीट हातात उलटंपालटं केलं. बाहेर कुणीतरी रद्दीवाला ओरडत गेला.

"नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे?" मी हळूच म्हटलं. "तुम्ही हैदराबादला जाल. लुबनाताईंना तर असा फोटो आहे हेच माहीत नाही. सांगितलं आणि त्या परत द्या म्हणाल्या, तर तुमच्याजवळ काहीच राहणार नाही."

"हौ. न्हाई राहणार."

त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली, आणि पिशवी पोटाशी धरून माझ्यासमोर खाली बसल्या.

"तिला पहिलं खरं सांगा. रोल जळला न्हवता, फरीदानं तुझ्या अम्मीला खोटं सांगितलं, असं सांगा. काही झाकू नका. फोटोत काय हाय ते पण सांगा. ती परत दे म्हणली तर मी स्वतः नांदेडला येते, तिच्या हातात देते, निगेटिव्हसकट. तोंडातून शब्द काढणार न्हाई. पण त्याच्या आधी माझं एक काम करा, बेटा. हा एकच फोटो फरीदानं तिच्याजवळ ठेवला तर चालंल का, एवढं तिला विचारा."